कुंपणातली दुसरी जागा

लिओकादियाने स्वतःची कबर सप्टेंबरातच खणून घेतली, आणि ही बातमी गावभर व्हायला बटाटे उकडायला लागतात तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

तसं यात नवल काही नव्हतं. आमच्या या कझाक माळावर नोव्हेंबर उजाडला की जमिनीचं लोखंड होतं. पहार मारावी तर पहारच किंचाळते. म्हणून सामुदायिक शेत चालू होतं तोवर गाव दर ऑक्टोबरात दोन-तीन खड्डे जास्तीचे खणून ठेवी, आत गवत भरी, वर फळ्या टाकी, आणि मग हिवाळ्यात ज्याची पाळी येईल तो त्यात जाई. यंदा पहिला खड्डा कोण घेणार यावर पुरुषमंडळी पैजासुद्धा लावत. एक जण स्वतःच पैज जिंकून गेला, पण आता मेलेल्यांची नावं कशाला घ्या!

त्या वर्षी मात्र शेत मोडलं होतं. जर्मन मंडळी दारं-खिडक्यांवर फळ्या ठोकून जर्मनीला निघून गेली होती आणि आमचे पोलिश लोक पोलंडहून कागद येण्याची वाट बघत बसले होते. सगळ्या गावासाठी खणणार कोण? तेव्हा लिओकादियाने स्वतःपुरतं बघितलं. दवाखान्यातल्या बाईने तिच्या छातीला नळी लावून तोंड वाकडं केलं होतं, आणि ते तोंड लिओकादियाला बरोबर वाचता आलं होतं.

जागा ठरलेलीच होती. नवरा हिरोनिम गेला तेव्हाच तिने इग्नात वेल्डरकडून दोघांना पुरेल असं कुंपण करून घेतलं होतं, ट्रॅक्टरच्या जुन्या पाइपांचं, निळ्या रंगाचं. आत एका बाजूला हिरोनिम, दुसऱ्या बाजूला बाक. बाक उचलला की तिची जागा. चहूबाजूंनी इतरांची कुंपणं अशी खेटलेली, की मधून मांजराला जायचं तर पोट आत घ्यावं लागावं. त्यामुळे तिथे तिसऱ्याला वाव नव्हता.

इग्नात आणि तुलेगेन खणत होते. तुलेगेन कझाक, मुसलमान, पण गावातल्या निम्म्या कॅथलिकांना त्याच्याच हातची माती मिळालेली. खड्डा कमरेच्या वर गेला तेव्हा सूर्यफुलाच्या बिया सोलत बेर्ता आली.

"एवढं खोल कशाला रे?" तिने टरफल थुंकलं. "पळून जाणार आहे का ती?"

"तू वर नाचायला येशील म्हणून," लिओकादिया म्हणाली.

"माझे गुडघे गेले आता. नाचायचे दिवस होते तेव्हा तू गात होतीस. तेही रडकी गाणी."

या दोघींचं हे असं. बेर्ता जर्मन, लिओकादियाची भिंतीला भिंत शेजारीण. तिच्या नवऱ्याला, राइनहोल्डला, लढाईच्या दिवसांत सरकारने जंगलात लाकडं तोडायला नेलं ते नेलंच. त्यानंतर हिरोनिम दर शरद ऋतूत तिच्या गाईसाठी गवताची एक गाडी टाकून येई, तिच्या चुलीचं धुराडं साफ करून देई. आता एक धुराडं साफ करायला किती वेळ लागतो? गाव तो वेळ मोजत असे. हिरोनिमच्या अंत्यविधीला बेर्ता अशी काही रडली, की गाणं म्हणत असलेल्या लिओकादियाने मध्येच थांबून सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "बेर्ते, सूर धर, नाहीतर गप्प बस." बेर्ताने सूर धरला. तेव्हापासून दोघी रोज भांडत आणि रोज सकाळी एकमेकींच्या घरातून धूर निघतो की नाही ते बघत. का बघतेस विचारलं तर दोघींचं उत्तर एकच, "मेली का ते बघते."

"अपा," तुलेगेनने खालून विचारलं. कझाक लोक वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात. "गवत आजच भरू का?"

"भर. आणि मातीचा ढीगही झाकून टाक. मला थांबायचं नाही. गेले की त्याच दिवशी खाली. बर्फात ठेवायचं नाही मला, ऐकलंत ना दोघांनी?"

"ऐकलं, काकू," इग्नात म्हणाला. "दहाव्यांदा ऐकलं."

बेर्ता खड्ड्यात वाकून बघत होती. "आणि मला कुठे घालाल रे, इग्नात?"

"तुमच्या जर्मन रांगेत. सासूबाईंशेजारी."

"नको रे बाबा. जिवंतपणी तिच्याशेजारी राहिले तेवढं पुरे झालं. राइनहोल्डशेजारी घाला मला."

राइनहोल्ड कुठल्या झाडाखाली पडलाय हे त्या जंगलालाच ठाऊक. बेर्ताने उरलेल्या बिया लिओकादियाच्या हातावर ओतल्या आणि गाय बांधायची आहे म्हणून निघून गेली. तिची मुलं जर्मनीला गेली, तेव्हा तीही याच गाईसाठी मागे राहिली होती म्हणे. गावाचं मत वेगळं होतं. गाव म्हणे, तिची गाय निळ्या कुंपणात झोपलीय.

दुसऱ्या रविवारी टपाल कचेरीत लिओकादियाला लेकीचा फोन आला. फेलिचिया जर्मन नवऱ्याबरोबर जर्मनीला गेलेली. कबर खणल्याचं तिला कोणीतरी कळवलं होतं. कोणी ते मी सांगणार नाही.

"आई, हे काय ऐकतेय मी? तू इकडे ये. इकडची दफनभूमी बघशील तर बागच आहे गं. नळ आहेत, झाऱ्या टांगलेल्या आहेत, रस्त्यांना वाळू घातलीय."

"आणि कबर?"

"मिळते की. वीस वर्षांसाठी."

"मग?"

"मग मुदत वाढवून घ्यायची. नाहीतर दुसऱ्याला देतात."

"म्हणजे भाडेकरू! इथून काढलं, तिथून काढलं, आता मातीतूनही काढणार?"

"नाहीतर दुसरी सोय आहे, आई. जाळतात, आणि राख भिंतीतल्या खणात ठेवतात. चर्चला चालतं आता. छान पाटी असते वर."

"मी काय लोणचं आहे का, बरणीत भरून फडताळात ठेवायला?"

फोनजवळ उभ्या असलेल्या सगळ्या बायका हसल्या. पलीकडे फेलिचिया रडायला लागली होती, ते फक्त लिओकादियाला ऐकू येत होतं. "रडू नकोस," ती हळूच म्हणाली. "इथे तुझ्या बापाशेजारी जागा आहे माझी. आणि हानुस्याही इथेच आहे." एवढं बोलून तिने फोन ठेवला, कारण हानुस्याचं नाव तिने मोठ्याने घेतल्याला फार वर्षं झाली होती.

हानुस्या ही तिची पहिली. लिओकादिया तेव्हा एकोणीस-वीसची पोर. सरकारने आम्हाला पोलंडच्या सरहद्दीवरून उचलून मालगाड्यांत भरलं आणि इथे या गवताळ माळावर उतरवलं, तेव्हा इथे जमिनीत ठोकलेल्या एका खुंटीशिवाय काही नव्हतं. गावाला नाव नव्हतं, आकडा होता. हानुस्या गाडीतच जन्मली आणि पहिल्या जानेवारीत गेली. जमीन खणायला पहारी नव्हत्या, जाळायला लाकूड नव्हतं. जे गेले त्यांना लांब झोपड्यांमागे बर्फात ठेवत, एप्रिलमध्ये पुरायचं म्हणून. हिरोनिमने पोरीला आपल्या सदऱ्यात गुंडाळलं आणि गाठोडं बर्फात खोल दाबलं. लिओकादिया रोज जाऊन बघे. मग आठवडाभर बुरान, म्हणजे माळावरचं बर्फाचं वादळ, घोंघावलं, आणि हात पुढे केला तर हातही दिसेना.

एप्रिलात बर्फ उतरला, तेव्हा बाकीचे होते. हानुस्याचं गाठोडं नव्हतं. ओढ्याच्या पाण्याने नेलं की कुत्र्यांनी, कोणी सांगितलं नाही. तिनेही दुसऱ्यांदा विचारलं नाही. बाकीच्यांना ओढ्याकाठच्या खोलगटात एकत्र पुरलं, आणि आमची दफनभूमी सुरू झाली ती तिथून.

पुढे क्रूस उभे राहिले, पलंगांच्या लोखंडाचे, पाइपांचे. एका साहेबाने ते उपटायला लावले. तो साहेब बदलून गेल्यावर परत लावले. पाद्री मात्र नव्हता, सरकारची बंदी होती. कैद्यांच्या छावणीतून सुटलेला एक म्हातारा फादर चुली दुरुस्त करणारा म्हणून गावोगाव फिरे. तो आला की लोक आपापल्या माणसाच्या कबरीवरची मूठभर माती रुमालात बांधून गुपचूप त्याच्यापुढे नेत. तो तिच्यावर प्रार्थना म्हणे, मग माती परत नेऊन कबरीवर पसरायची. मेलेल्यापर्यंत पाद्री जाऊ शकत नव्हता, म्हणून माती पाद्रीपर्यंत जाई. लिओकादिया भरला एप्रन घेऊन गेली होती.

"एवढी कोणाची, पोरी?" त्याने विचारलं.

"सगळीकडून आणलीय, फादर. ओढ्याच्या दोन्ही काठांवरून. कुठेतरी असेल ना ती."

म्हातारा बराच वेळ त्या मातीवर हात ठेवून बसला. मग त्याने चूल दुरुस्त केली, कारण शेजाऱ्यांना आवाज ऐकू जायला हवा होता.

पाद्री नसताना आमच्या माणसांना मातीपर्यंत पोचवलं ते लिओकादियाने. प्रार्थना तिला पाठ, गाणी तिला पाठ, आणि आवाज असा, की ती सुरुवात करी आणि बाकीचे मागून येत. तिच्याआधी तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती.

तर त्या वर्षीच्या जानेवारीत एका सकाळी बेर्ताच्या धुराड्यातून धूर निघाला नाही.

लिओकादियाने दार ढकललं. गाय हंबरत होती. बेर्ता पलंगावर, एक पाय खाली, जणू उठता उठता विचार बदललेला. "झालं समाधान?" लिओकादिया तिला म्हणाली. "आधी जायची फार घाई." मग तिने गाईला गवत टाकलं, चूल पेटवली, पाणी तापवलं आणि दोन बायकांना हाक मारली, कारण धुवायचं काम एकटीचं नव्हे.

धुताना बेर्ताच्या पायांतले लोकरीचे मोजे तिनेच उतरवले. टाचेवर लाल धाग्याच्या दोन ओळी, मध्ये एक करडी. लिओकादियाच्या हातात ते मोजे तसेच राहिले. हिरोनिम शेवटच्या दोन हिवाळ्यांत असेच मोजे घालून हिंडला होता. शहरातल्या बाजारात घेतले, म्हणाला होता. तिने त्यांचं कौतुकसुद्धा केलं होतं. पेटीत ठेवताना मुद्दाम तेच घातले होते त्याला, उबदार म्हणून.

"काय झालं, काकू?" एका बाईने विचारलं. तिचे डोळे आधीच चमकले होते.

"काही नाही. ओले आहेत, वाळत घाल," लिओकादिया म्हणाली, आणि धुवायला वाकली.

दुपारी इग्नात आणि तुलेगेन जर्मन रांगेत गेले. कोळसा त्या हिवाळ्यात आलाच नव्हता. त्यांनी गोवऱ्या रचल्या, एक जुना टायर पेटवला, वर पत्रा झाकला. बुरान सुरू झालं आणि पत्राच उडवून घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवलं, पुन्हा विझलं. पहार वीतभरसुद्धा आत जाईना. तिसऱ्या दिवशी दोघं लिओकादियाच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. मिशांवरचा बर्फ चहात पडत होता.

"काकू, आम्ही काय म्हणतो," इग्नातने कपाकडे बघत सुरुवात केली. "तिच्या कोठारात ठेवू तिला. थंडीत काही होत नाही. एप्रिल लागला की..."

"एप्रिल?"

"हवा उघडली तर आधीच. पण धरून चाला, एप्रिल."

लिओकादिया उठली. खिडकीत बर्फाशिवाय काही दिसत नव्हतं. कोठाराचं दार खालून मोडलेलं होतं, ते तिला ठाऊक होतं. बेर्ताशी त्या दारावरूनही भांडण झालं होतं, कुत्री आत शिरतात म्हणून.

"माझी आहे ना तयार," ती म्हणाली.

तुलेगेनने कप खाली ठेवला. इग्नातला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर तो कानापर्यंत लाल झाला. "अहो काकू, पण ती... तिथे हिरोनिमकाका!"

"कोण आहे तिथे ते मला नको सांगूस. कुंपण कोणी करून घेतलं?"

"गाव काय म्हणेल?"

"गावाला एवढी वर्षं काही म्हणायला मिळालं नव्हतं का?"

"आणि तुम्ही? तुम्हाला काही झालं तर, अपा? यंदाच्या हिवाळ्यात?" हे तुलेगेनने विचारलं, तेही अगदी हळू.

ती चुलीपाशी गेली, उगाचच झाकण उचललं, परत ठेवलं. "बर्फात ठेवायचं नाही कोणाला," ती म्हणाली. "मी असताना नाही. फळ्या काढा जा. आणि गवत फेकू नका, तिच्या गाईला होईल."

बेर्ताला नेलं तेव्हा हवा अशी होती की एरवी कोणी कुत्र्यालाही बाहेर काढलं नसतं, पण त्या दिवशी चालता येणारा प्रत्येक जण आला. आता यातले प्रार्थनेला किती आणि बघायला किती, हा हिशोब मी करत नाही. पेटी निळ्या कुंपणात उतरली. लिओकादिया काठावर उभी होती, शालीतून फक्त नाक बाहेर.

"घे," ती हिरोनिमच्या क्रूसाला म्हणाली. "मोजेवाली आली."

मागे कोणीतरी श्वास आत घेतला. मग लिओकादियाने गाणं सुरू केलं, आणि वाऱ्यात तिचा आवाज पहिल्या ओळीतच फाटला. तसाच फाटका आवाज तिने शेवटपर्यंत नेला. बेर्ताची माती पडून झाली तेव्हा तिने इग्नातला सांगितलं, "बाक मध्ये ठेव. दोघांच्या मध्ये." त्याने ठेवला. ती त्यावर बसली आणि बाकीचे गेले तरी बसून राहिली. दोघांच्या मध्ये बसून तिला काय वाटत होतं कोण जाणे. इग्नात कुंपणाबाहेर थांबला होता. तो सांगतो की ती एकदाच बोलली, आणि तेही बेर्ताशी.

"त्याचा डावा पाय गार पडायचा," ती म्हणाली. "तुला ठाऊक असेलच."

त्यानंतर ती फारशी भांडली नाही. भांडायला होतं कोण? सकाळी उठून ती सवयीने शेजारच्या धुराड्याकडे बघे. बेर्ताची गाय तिने आपल्या गोठ्यात आणली होती. तिला ती बेर्ते म्हणूनच हाक मारी आणि दूध कमी दिलं की शिव्या घाली.

फेब्रुवारीच्या शेवटी तिने इग्नातला बोलावलं. छाती वरखाली होत होती. "आता माझी जागा गेली," ती म्हणाली. "मला खोलगटात घाल, ओढ्याच्या बाजूला. पाणी उतरतं तिकडे."

"काकू, आता तिथे पहार..."

"मला माहीत आहे, इग्नात. जमीन कशी आहे ते मला माहीत आहे. थांबावं लागलं तर थांबेन. फक्त..." इग्नातने तिची गोधडी उगाचच सारखी केली.

ती मार्चच्या सुरुवातीला गेली. बाहेर बुरान होतं आणि जमीन तशीच लोखंडाची.

तिला थांबावं लागलं. हे मला बदलून सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. तिच्याच कोठारात, बर्फावर, पेटीत. पण एकटीने नाही. इग्नातने दाराच्या फटी फळ्यांनी बुजवल्या आणि स्वतः उंबऱ्यावर बसला. मग बायका पाळीपाळीने आल्या, जाड लोकरी बुटांत, शालींवर शाली गुंडाळून, जपमाळा घेऊन. बेर्ताच्या धुराड्यावरचा हिरोनिमचा वेळ मोजणाऱ्यासुद्धा आल्या. बसायला जागा कोणाची यावर त्या थोड्या भांडल्याही. कुत्रं एकही फिरकलं नाही.

आणि बाकीच्यांनी खोलगटात विस्तव लावला. गोवऱ्या संपल्या तेव्हा कुणीतरी रिकाम्या जर्मन घराचं दार उखडून आणलं. मग दुसऱ्याने कुंपणाच्या फळ्या आणल्या. तुलेगेनने आपल्या गोठ्याचा आडसर आणला. बेर्ताच्या घराच्या खिडक्यांची झडपं आली, पलंग आला, शेवटी टपाल कचेरीतला बाकही आला. वारा विझवी, माणसं पेटवत. जमीन वितीवितीने सैल होत होती, आणि काळी, वाफाळती माती वर येत होती. त्या मातीत काही सापडलं का, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. इग्नात काही सांगत नाही. तुलेगेन म्हणतो, नाही सापडलं.

पेटी खाली उतरली. सगळे काठावर उभे राहिले, काजळीने तोंडं काळी झालेले, आणि वाट बघू लागले. गाणं सुरू व्हायचं होतं. एकमेकांकडे बघून झालं, पायांकडे बघून झालं. मग कळलं की जिची वाट बघतोय ती पेटीतच आहे.

शेवटी इग्नातने घसा खाकरला आणि सुरुवात केली. त्याच्या वेल्डिंगसारखाच आवाज, आणि इतका वरचा सूर धरला की दुसऱ्या ओळीला कोणालाच पोचता येईना. ती असती तर तिथल्या तिथे थांबवून बोलली असती. आम्ही क्षणभर थांबलोसुद्धा. मग तसंच, सूर सोडून, सगळेच गायला लागलो.